पीटीच्या सरांपुढची रिकामी खुर्ची

एक प्रामाणिक प्रश्न विचारते. तुमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचं आडनाव आठवतंय? गणिताच्या बाईंचं आठवतं, मराठीच्या सरांचं तर आपण ठेवलेलं नावही आठवतं. पण पीटीचे सर म्हणजे नुसते पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, हाताला फक्की आणि वर्षातले निम्मे तास गणिताच्या बाईंना दान! 'आज पीटी नाही, पोर्शन राहिलाय' हे ऐकून ज्याचा कधीच पोपट झाला नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय.

तर दीड महिन्यापूर्वी 'पीटीचे सर' या माणसाशी माझी नव्याने ओळख झाली. निमित्त अर्थात चिरंजीव.

चिरंजीव म्हणजे माझ्या ताईचा मुलगा. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी, मुक्काम पुणे. जिजू टूरवर होते म्हणून शनिवारच्या ओपन हाऊसला ताईबरोबर मी गेले. फ्रीलान्सर असण्याचा हा एक तोटा आहे. 'तू काय, घरीच असतेस' एवढं म्हटलं की तुम्हाला गॅसच्या, बँकेच्या, कुठल्याही रांगेत उभं करता येतं.

रांग मोठी होती. आमचा नंबर बावीस. पाऊण तासाने बाईंसमोर बसलो आणि साडेतीन मिनिटांत उठलो. मधल्या वेळात ऐकलं ते असं: मुलगा हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. मध्येच बोलतो, मध्येच उठतो, शेजारच्याची पेन्सिल घेतो. कॅलेंडरमध्ये चार वेळा शेरा गेलाय. आणि शेवटी, आवाज एकदम खाली आणून, 'एकदा कुणाला तरी दाखवून घ्या.'

बाईंना दोष देत नाही. त्यांच्या वर्गात अठ्ठेचाळीस पोरं आहेत. माझ्या घरी दोन पाहुण्यांची मुलं आली तरी मी गॅलरीत जाऊन उभी राहते. पण ताईचा चेहरा खर्रकन उतरला. 'कुणाला तरी' म्हणजे कुणाला, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. ती म्हणाली, जरा बसू या का कुठेतरी?

आणि सगळ्या हॉलमध्ये फक्त एका टेबलापुढची खुर्ची रिकामी होती.

'माझ्याकडे त्याची तक्रार नाही'

टेबलामागे ट्रॅकपँट घातलेले पन्नाशीचे एक सर आंतरशालेय खो-खोच्या याद्या करत बसले होते. आम्हाला पाहून ते इतके दचकले, की मला क्षणभर वाटलं आपण चुकीच्या शाळेत आलोय. 'बसा बसा. कुणाचे पालक?' ताईने नाव सांगितलं आणि पुढची तक्रार ऐकायची तयारी केली.

'अच्छा, तो! माझ्याकडे त्याची काही तक्रार नाही हो. लंगडीत स्वतःचा नंबर येईपर्यंत उभा राहतो. कोण बाद, कोण नाही, सगळा हिशेब याच्याकडे. कुणी रडीचा डाव खेळला की भांडतो, ते सोडा.'

ताई बघतच राहिली. नंबर येईपर्यंत उभा राहतो? आमचा चिरंजीव? जो पोळी होईपर्यंत ताटावर थांबत नाही?

मी म्हटलं, म्हणजे बाई चुकताहेत का? सर लगेच म्हणाले, 'छे छे. त्यांना दिसतं ते खरंच आहे. मला दिसतं तेही खरं आहे. पण मला कोण विचारतं?' आणि मग याद्या बाजूला सारून म्हणाले, 'मॅडम, मला काळजी वाटते ती वेगळ्याच पोरांची. त्यांच्याबद्दल वर्गातून एक तक्रार येत नाही. ती इथे मैदानाच्या कडेला उभी असतात.'

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले. पुढचे दोन आठवडे सकाळी सातला उठून (हो, मी!) मी मैदानांच्या कडेला उभी राहिले. हे सर, महापालिका शाळेतल्या एक पीटीच्या मॅडम आणि एकाच आठवड्यात दोन शाळा सांभाळणारा माझ्याच वयाचा एक बी.पी.एड. झालेला मुलगा. तिघांना एकच प्रश्न: प्राथमिकच्या मुलांच्या वागण्यातलं काय तुम्हाला 'प्रॉब्लेम' वाटतं?

पहिला चहा, पहिली यादी

पहिल्या चहाला तिघांची यादी सेम टू सेम. ऐकत नाहीत. शिट्टी वाजली तरी थांबत नाहीत. ढकलाढकली करतात. राज्य आलं की 'मी नाही खेळत' म्हणून बसतात. हरले की बॉल घेऊन पळतात.

म्हणजे वर्गातल्या बाईंसारखीच की! पण कारण वेगळं. महापालिकेच्या मॅडमनी ते मला एका सकाळीच दाखवलं. पन्नासएक पोरं, एक मैदान, एक शिट्टी. एका कोपऱ्यात विषामृत चाललंय, दुसरीकडे लंगडी, मधूनच सातवीचा बॉल येतोय. मॅडम म्हणाल्या, 'वर्गात न ऐकणारं पोर म्हणजे गोंगाट. इथे न ऐकणारं पोर म्हणजे प्लॅस्टर.' त्यांना शिस्त हवी असते ती मुख्यतः हाडांसाठी. म्हणून त्यांची पहिली तक्रार 'बसत नाही' ही कधीच नसते, 'थांबत नाही' ही असते. ज्या मुलाला हलायची मुभा आहे पण ठरलेल्या क्षणी थांबता येत नाही, त्याच्याकडे त्यांचं लक्ष जातं.

आणि इथेच वर्गातले 'व्रात्य' आणि मैदानावरचे 'व्रात्य' वेगळे होतात. पहिल्या बाकावरचा गुणी बाळ लंगडीत बाद झाल्यावर समोरच्याला चावतो. आणि आमच्या चिरंजीवांसारखा, वर्गात चार शेरे मिळवणारा, इथे चक्क पंच!

दुसरा चहा, दुसरी यादी

दुसऱ्या चहाला यादी बदलली. ही यादी तिघांनीही जरा थांबून, आठवून सांगितली.

दर पीटीच्या तासाला बुटाची लेस बांधत बसणारं पोर. नेमकं त्याच दिवशी पोट दुखणारं पोर. रांगेत पुढे नंबर आला की हळूच मागे सरकणारं. आणि मुद्दाम पडणारं, सगळ्यांना हसवणारं, म्हणजे आपल्याला बॉल पकडता येत नाही हे कुणाला कळायला नको.

वर्गात यातलं काहीच दिसत नाही, कारण वर्गात शांत बसणं हा गुण आहे. मैदानावर मात्र शांत बसलेलं मूल लगेच उठून दिसतं. निदान दिसायला हवं. सर म्हणाले, 'पहिली दहा वर्षं मी अशांना आळशी म्हणायचो. मस्तीखोर म्हणायचो. एकाला तर रोज एक चक्कर जास्त मारायला लावायचो.'

मग मी जरा अभ्यास केला (मास कॉमची डिग्री अशा वेळी तरी उपयोगी पडते). मुलांच्या हालचालींच्या समन्वयाची एक अडचण असते. इंग्रजीत तिला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. बुद्धी व्यवस्थित, पण हात-पाय-डोळे एकमेकांचं ऐकत नाहीत. लेस बांधणं, बटण लावणं, बॉल झेलणं, दोरीवरच्या उड्या, सगळ्यात मूल मागे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची संघटना तिच्या २०१३ च्या मार्गदर्शक ग्रंथात सांगते, की पाच ते अकरा वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ५ ते ६ टक्के असतं. म्हणजे अठ्ठेचाळीसच्या वर्गात दोन-तीन मुलं. ती आळशी नसतात. त्यांना रोज सगळ्यांसमोर फजिती नको असते, एवढंच.

आता सांगा, हे आधी कुणाला दिसणार? फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईंना, की बॉल टाकणाऱ्या सरांना?

१९२८ सालची जुनीच गोष्ट

कोण कुठे उभं आहे यावर 'प्रॉब्लेम' ठरतो, हा शोध काही माझा नाही. अमेरिकेत इ. के. विकमन नावाच्या संशोधकाने १९२८ मध्ये यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याने मुलांच्या वागण्याच्या ५० प्रकारांची यादी केली आणि ती शाळाशिक्षकांना आणि मुलांच्या मानसिक आरोग्याच्या ३० तज्ज्ञांना दिली. यातलं जास्त गंभीर काय ते सांगा. शिक्षकांनी वर ठेवलं ते खोटं बोलणं, चोरी, लैंगिक चाळे, आज्ञा मोडणं. लाजाळूपणा, एकटं राहणं, घाबरणं हे पार खाली. तज्ज्ञांनी मात्र एकटं एकटं राहणं, सतत उदास असणं, भीती याला फार वरचं स्थान दिलं.

नंतरच्या लोकांनी या अभ्यासावर टीकाही केली आणि ती रास्त आहे. शिक्षकांना विचारलं होतं की आत्ता काय त्रास होतो, आणि तज्ज्ञांना विचारलं होतं की पुढे जाऊन काय महागात पडेल. प्रश्न वेगळे, मग उत्तरं वेगळी येणारच. पण मला तर गंमत तिथेच वाटली. बाईंचा प्रश्न 'आत्ता' हा आहे. आईचा प्रश्न 'पुढे' हा आहे. आणि पीटीच्या सरांना दोन्ही दिसू शकतं, कारण बाई दरवर्षी बदलतात, पण सर पहिलीपासून चौथीपर्यंत तेच असतात. चार वर्षं एकाच मुलाला धावताना बघणारा शाळेतला हा बहुधा एकमेव माणूस. आणि प्रगतिपुस्तकात त्याच्या वाट्याला एक श्रेणी! ब. किंवा ब अधिक.

पण सर, तुमचंही चुकतं

आता पीटीच्या सरांची आरती खूप झाली. दोन आठवड्यांत मी दुसरी बाजूही पाहिली.

व्रात्यपणाची सर्वांत लाडकी शिक्षा कुठली? 'जा, पीटीला जाऊ नकोस.' वर्गातून ही शिक्षा होते आणि मैदानावरचे सर ती चुपचाप मान्य करतात. म्हणजे ज्याला हलायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच बसवून ठेवायचं. दुसरी शिक्षा मैदानाला चकरा. धावणं हीच शिक्षा असेल, तर मोठं झाल्यावर ऑफिसच्या जिमची मेंबरशिप आपण का वापरत नाही, याचं उत्तर मिळालं! शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातलीय. अंगठे धरून उभं करणं हा 'व्यायाम' आहे, असं कुणी म्हणू नये.

आणि संगीत खुर्ची! किती गोड खेळ ना? नील विल्यम्स या अमेरिकन प्राध्यापकाने १९९२ मध्ये शाळेत खेळू नयेत अशा खेळांची एक यादी छापली होती आणि त्यात संगीत खुर्ची होती, डॉजबॉलही होता. त्याचा मुद्दा सरळ होता. ज्याला सरावाची गरज जास्त, तोच पहिला बाद होतो आणि उरलेला तास कडेला बसतो. कडेला बसलेलं पोर मग माती उकरतं, शेजाऱ्याला चिमटा काढतं, आणि आपण म्हणतो, वागणूक बरोबर नाही.

माझ्या वयाच्या त्या मुलाने यावर एक साधी युक्ती काढलीय. त्याच्या खेळात 'बाद' झालेला दुसऱ्या रिंगणात जातो आणि तिथे खेळ चालूच असतो. दोन-तीन चुका केल्या की परत पहिल्या रिंगणात यायची संधी. त्याने सांगितलं, 'हे सुरू केल्यापासून मारामाऱ्या जवळपास संपल्या. पोरं वाईट नव्हती, रिकामी होती.'

घाबरट

इथे एक कबुली देणं भाग आहे. मी कडेला उभी राहणारी मुलगी होते.

चौथीत डॉजबॉलमध्ये मी पहिली बाद. दर गुरुवारी पोटात दुखायचं. बॉल आला की मी डोळे मिटून घ्यायचे, आणि माझं नाव पडलं होतं घाबरट. वर्गात मात्र मी आदर्श! बुटकी म्हणून पहिल्या बाकावर, अक्षर सुंदर, तोंडातून शब्द नाही. वर्गाच्या बाईंना माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच.

एके दिवशी आई न्यायला आली तेव्हा पीटीच्या बाईंनी तिला गेटवर गाठलं. 'हिला बॉल दिसत नाही. जवळ आला की एकदम दचकते. नंबर आहे का बघून घ्या.' आई हो म्हणाली आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, 'पीटीच्या बाईंना काय कळतंय!' मला चष्मा लागला तो पुढच्या वर्षी, शाळेत डोळे तपासणी झाली तेव्हा. दोन्ही डोळ्यांना अडीचचा नंबर. पहिल्या बाकावरून फळा दिसत होता, मैदानाचं दुसरं टोक नाही.

चष्म्यानंतर मी काही खो-खो चॅम्पियन झाले नाही. पण एक अख्खं वर्ष मी घाबरट नव्हते, मला फक्त दिसत नव्हतं. हे ज्यांना कळलं होतं त्यांचं आडनाव मला आजही आठवत नाही. म्हणून तर सुरुवातीचा तो प्रश्न.

चिरंजीवांचं काय झालं?

ताईने त्याला मुलांच्या विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. मी म्हटलं होतं की नको, सर म्हणाले ना तो छान आहे! पण गंमत म्हणजे सरांनीच मला दटावलं. 'मैदानावर छान आहे म्हणजे सगळं छान आहे, असं मी म्हटलेलं नाही. मी डॉक्टर नाही. दाखवा.'

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणं हे एका ठिकाणच्या वागण्यावरून ठरवत नाहीत. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे घर, वर्ग, मैदान, शिकवणी. आणि गडबड न करणारं, नुसतं हरवल्यासारखं बसणारं मूलही यात असू शकतं, त्यामुळे विशेषतः मुली निसटतात.

त्यांनी वाढदिवसही विचारला. चिरंजीव वर्गात जवळजवळ सगळ्यात लहान. मोठ्या मुलाशी अकरा महिन्यांचं अंतर. सात वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे किती! कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ९ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वर्गाची कटऑफ ३१ डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान मुलग्यांना एडीएचडीचं निदान जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त मिळालं. मुलींमध्ये तो फरक ७० टक्के होता. म्हणजे काही मुलांचा 'आजार' कदाचित फक्त उशिरा आलेला वाढदिवस असतो.

डॉक्टरांनी शिक्षकांसाठीचे दोन फॉर्म दिले. एक वर्गशिक्षिकेला द्या, दुसरा अशा कुणाला तरी जे त्याला वर्गाबाहेर बघतात. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चल.

सरांनी फॉर्म हातात घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा फॉर्म त्यांच्याकडे पहिल्यांदा आला होता. म्हणाले, घरी नेऊन भरतो. दोन दिवसांनी परत दिला तेव्हा सगळे रकाने निळ्या शाईने, एकही खाडाखोड नाही. सोबत वहीचा एक कागद टाचलेला. 'रकान्यात बसत नव्हतं म्हणून वेगळं लिहिलंय,' असं म्हणून जरा लाजले. त्यात होतं, की मुलगा मोजणीच्या खेळात पूर्ण लक्ष देतो. एका दमात तीन सूचना दिल्या तर तिसरी विसरतो. एक एक दिली तर करतो. पावसात मैदान बंद असलं की त्या दिवशी जास्त भांडतो.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. निदान अजून काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या. तोपर्यंत बाईंनीही एक प्रयोग सुरू केलाय. सूचना एक एक, आणि वह्या वाटायचं काम चिरंजीवांकडे. गेल्या पंधरवड्यात कॅलेंडरमध्ये एकच शेरा आलाय. तोही वह्या पळत पळत वाटतो म्हणून!

आणखी एक गोष्ट लिहून थांबते. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं म्हटलंय. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितलाय तो मात्र सहावी ते आठवीला, शंभरहून जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूदच नाही. म्हणजे ज्या वयात हे सगळं पहिल्यांदा दिसतं, त्या वयात बघणारा माणूस असेलच असं नाही. तुमच्या घरातल्या पोराच्या शाळेत असा माणूस असेल, तर पुढच्या ओपन हाऊसला ती रिकामी खुर्ची शोधा. रांग नसते. आणि आडनाव विचारून घ्या.

पीटीच्या सरांना, मॅडमना हे विचारा

• खेळात नंबर येईपर्यंत थांबतो का? शिट्टीला थांबतो का?
• बाद झाल्यावर, हरल्यावर काय करतो?
• कुणाबरोबर खेळतो? की एकटाच असतो?
• बॉल झेलणं, उड्या, लेस बांधणं वयाच्या मानाने जमतं का?
• पीटीच्या तासाला दुखणं, लेस, पाणी अशा सबबी वारंवार निघतात का?
• गेल्या वर्षीपेक्षा यंदा काही बदललंय का?

उत्तर म्हणजे निदान नव्हे. पण डॉक्टरांकडे जाताना ते लिहून न्या. तीन मिनिटांत जे कळत नाही, ते कधीकधी मैदानावरून दिसलेलं असतं.